प्रसूती लाभ कंपनी आणि ईएसआयसी यांच्यामध्ये अडकतो तेव्हा

एका भगिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका खासगी कंपनीत त्या चार वर्षांपासून नोकरी करतात. कंपनीत साठेक माणसे आहेत. त्यांचा पगार 20,400 रुपये होता आणि त्यातून ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) हप्ता कापला जात होता. गेल्या जूनमध्ये पगार 22,300 रुपये झाला आणि त्याच महिन्यापासून कपात बंद झाली. 1 डिसेंबर 2025 पासून त्या प्रसूती रजेवर आहेत आणि 9 जानेवारीला सोलापूर जिल्ह्यात माहेरी त्यांची प्रसूती झाली. मार्च संपत आला तरी हाती एक रुपया आलेला नाही. कंपनी म्हणते, ‘तुमचा विमा होता, पैसे ईएसआयसी देईल.’ ईएसआयसीच्या, म्हणजे ही योजना चालवणाऱ्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, शाखा कार्यालयात सांगतात, ‘जूनपासून तुमचे हप्ते दिसत नाहीत, तुम्ही योजनेबाहेर गेला आहात, कंपनीकडे मागा.’ त्यात आता मनुष्यबळ विभागाने सुचवले आहे की सध्या राजीनामा द्यावा, नंतर पुन्हा कामावर घेऊ. पैसे नक्की कोणी द्यायचे आणि ते मिळवण्यासाठी काय करावे, असे त्या विचारतात.

ताई, तुमच्या पत्रातील शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तोच सर्वांत धोक्याचा आहे. राजीनामा देऊ नका. प्रसूती रजेवर असलेल्या स्त्रीला कामावरून काढणे, किंवा तिच्या नोकरीच्या अटी तिला तोट्याच्या होतील अशा बदलणे, कायद्याने निषिद्ध आहे. पण स्वतःच्या सहीने दिलेला राजीनामा हे संरक्षण एका कागदाने दुबळे करून टाकतो, आणि ‘नंतर पुन्हा घेऊ’ या तोंडी शब्दाला पुढे कोणीही बांधील राहत नाही. उद्या कंपनीने स्वतःच तुम्हाला काढल्याचे पत्र दिले, तर त्याविरुद्ध दाद मागण्याची मुदत 60 दिवसांची आहे, हे आजच लक्षात ठेवा.

मी गेली 22 वर्षे कामगार कायद्यांचा सल्लागार म्हणून काम करतो. सुरुवातीच्या काळातील एक चूक मला अजून बोचते. अशाच अडकलेल्या दाव्यातील एका स्त्रीला मी ‘साहेबांनी पुढच्या आठवड्यात करतो म्हटले आहे, थोडे थांबा’ असे सांगितले होते. ती थांबली. पुढचा आठवडा आठ महिन्यांनी उजाडला आणि तोपर्यंत तिला कामावरून कमी केल्याच्या पत्राविरुद्ध अपील करण्याची मुदत उलटून गेली होती. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आलो आहे. प्रसूती लाभाचा दावा बहुतेक वेळा कायद्यातील अडचणीमुळे रखडत नाही. नकार कोणीही कागदावर देत नाही म्हणून तो रखडतो. तोंडी उत्तराला तारीख नसते, सही नसते आणि त्याविरुद्ध अपीलही नसते. म्हणून आधी पैसे कायद्याने कोणी द्यायचे हे ठरवायचे, आणि मग त्याच्याकडून पैसे किंवा लेखी कारण यांपैकी एक मिळेपर्यंत मागे हटायचे नाही.

आता तुमच्या बाबतीत पैसे कोणी द्यायचे ते पाहू.

कंपनीने जूनपासून कपात थांबवली ती बहुधा 21,000 रुपयांच्या मर्यादेकडे पाहून. ही वेतनमर्यादा 1 जानेवारी 2017 पासून लागू आहे. परंतु पगार मर्यादेपलीकडे गेला त्याच दिवशी कामगार विम्याबाहेर जातो, ही समजूत चुकीची आहे. ईएसआयच्या हिशेबात वर्षाचे दोन अंशदान (म्हणजे हप्त्याचे) कालावधी असतात: 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. कालावधी सुरू होताना कामगार मर्यादेच्या आत असेल आणि मध्येच त्याचा पगार वाढला, तर तो कालावधी संपेपर्यंत तो विमाधारकच राहतो, आणि हप्ताही वाढलेल्या पूर्ण पगारावर भरावा लागतो. 1 एप्रिलला तुमचा पगार 20,400 रुपये होता. म्हणजे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे हप्ते 22,300 रुपयांच्या हिशेबाने भरणे कंपनीवर बंधनकारक होते: मालकाचे 3.25 टक्के आणि तुमच्या पगारातून 0.75 टक्के. ते तिने भरले नाहीत. ही चूक कंपनीची आहे, तुमची नाही.

ही चूक झाली म्हणून तुमचा हक्क बुडतो का? बुडत नाही. ईएसआयच्या प्रसूती लाभाची अट अशी आहे की ज्या लाभ कालावधीत (लाभ देण्यासाठी ठरवलेल्या सहामाहीत) प्रसूती होते किंवा होण्याची अपेक्षा असते, त्याच्या लगतच्या आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून किमान 70 दिवसांचे अंशदान ‘देय’ असले पाहिजे. हा ‘देय’ शब्द फार महत्त्वाचा आहे. नियमात ‘भरलेले’ असे म्हटलेले नाही. तुमची प्रसूती जानेवारीत झाली, म्हणजे लाभ कालावधी जानेवारी ते जून. त्याच्या आधी पूर्ण झालेले दोन अंशदान कालावधी म्हणजे ऑक्टोबर 2024 ते मार्च 2025 आणि एप्रिल ते सप्टेंबर 2025. पहिल्या कालावधीत तुम्ही पूर्ण सहा महिने विमाधारक होता आणि हप्ते भरलेही गेले होते. नुसत्या त्या एका कालावधीवर 70 दिवसांची अट दोनदा पूर्ण होते. जूननंतरचे हप्ते पोर्टलवर दिसत नाहीत, हे कारण तुमची पात्रता नाकारायला पुरेसे नाही. ऑक्टोबरपासून तुम्ही खरोखरच योजनेबाहेर गेलात, हेही आड येत नाही, कारण विमाधारक या शब्दाच्या व्याख्येत जिच्यासाठी अंशदान ‘देय आहे किंवा होते’ अशी व्यक्ती येते.

माझ्या मते, त्यामुळे तुमचा पहिला देणेकरी ईएसआयसी आहे. शाखेतील कर्मचाऱ्याने संगणकावर जूननंतरचे रकाने रिकामे पाहिले आणि तेवढ्यावर उत्तर दिले. असे मी अनेकदा पाहिले आहे, आणि त्यामागे नेहमीच वाईट हेतू असतो असेही नाही. समोरच्या खिडकीपाशी मोठी रांग असते आणि रिकामा रकाना हे सर्वांत सोपे उत्तर असते.

तरीही समजा ईएसआयसीने लेखी कळवले की तुम्ही पात्र नाही. तेव्हाही तुम्ही रिकाम्या हाती राहत नाही. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्याने या दोन योजनांच्या सांध्यावर मुद्दाम पूल बांधला होता. त्यातील कलम 5-क सांगत असे की ईएसआयखालील लाभाला स्त्री पात्र होईपर्यंत तिचा प्रसूती लाभ कायद्याखालील हक्क चालू राहतो. कलम 5-ख सांगत असे की ईएसआय लागू असलेल्या आस्थापनेत तिचे वेतन मर्यादेहून अधिक असेल, तर लाभ मालकाने द्यायचा. मालकाकडून लाभ मिळण्याची अट सोपी आहे: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम केलेले असावे. तुमच्याकडे चार वर्षांची नोकरी आहे. म्हणजे दोघांपैकी एकाने पैसे देणे अटळ आहे. एकाच प्रसूतीसाठी दोघांकडून मात्र लाभ मिळत नाही. दुसरी मागणी पर्यायी आहे असे अर्जात स्पष्ट लिहावे, म्हणजे पुढे कोणी आक्षेप घेणार नाही.

येथे कायद्यातील बदलाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण कार्यालयात कोणी ‘तो जुना कायदा आता गेला’ असे सांगून तुम्हाला परत पाठवेल. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आहे आणि 1948 चा ईएसआय कायदा व 1961 चा प्रसूती लाभ कायदा यांच्यातील तरतुदी तिच्यात सामावल्या आहेत. कलमांचे क्रमांक बदलले, पण प्रसूती लाभाचा सांगाडा तोच आहे: 80 दिवसांची अट, 26 आठवड्यांची सवेतन रजा, त्यांपैकी जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीपूर्वी, दोन किंवा अधिक अपत्ये हयात असतील तर 12 आठवडे, आणि प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत मालकाने उरलेली रक्कम देणे. खरा फरक वेतनाच्या व्याख्येत आहे. जुन्या प्रसूती लाभ कायद्यात घरभाडे भत्त्यासह रोख भत्ते वेतनात धरले जात. संहितेत घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता यांसारखे घटक वगळले आहेत. मात्र वगळलेल्या घटकांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो. कंपनीकडून लाभ घेण्याची वेळ आली, तर तुमच्या पगारपत्रकातील प्रत्येक रकाना पाहून हिशेब मागा. तुमच्या पात्रतेचे महिने जुन्या कायद्याच्या काळातले आणि प्रसूती संहितेच्या काळातली आहे, म्हणून अर्जात दोन्हींचा उल्लेख करावा हे उत्तम.

आता रक्कम किती येते ते पाहू, कारण नेमका आकडा माहीत असलेल्या माणसाशी कार्यालय वेगळ्या रीतीने बोलते. ईएसआयसीचा प्रसूती लाभ सरासरी दैनिक वेतनाच्या 100 टक्के दराने मिळतो. एप्रिल आणि मे महिन्यांचे प्रत्येकी 20,400 आणि जून ते सप्टेंबर प्रत्येकी 22,300 धरले, तर सहा महिन्यांचे वेतन 1,30,000 रुपये होते. त्याला 183 दिवसांनी भागले की दिवसाला सुमारे 710 रुपये येतात, आणि 26 आठवड्यांच्या 182 दिवसांचे साधारण 1,29,300 रुपये होतात. पण कंपनीने मागचे हप्ते भरलेच नाहीत आणि हिशेब केवळ एप्रिल-मेच्या पगारावर झाला, तर दर सुमारे 669 रुपयांवर येतो आणि तुमचे साडेसात हजार रुपये कमी होतात. म्हणून लाभ मंजूर झाला एवढ्यावर समाधान न मानता कोणता दर धरला आहे ते मंजुरीत पाहा. मालकाच्या कसुरीमुळे कामगाराला लाभ कमी दराने मिळत असेल, तर महामंडळाने तो पूर्ण दराने द्यावा आणि फरक मालकाकडून वसूल करावा, यासाठी 1948 च्या कायद्यात कलम 68 होते. अर्जात त्याचाही आधार घ्या.

लाभ मोजताना रविवार आणि सुट्ट्या वगळता येत नाहीत. दक्षिणेतील एका मळ्यातील कामगार स्त्रीच्या प्रकरणात 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठवडा म्हणजे सलग सात दिवस असा निर्णय दिलेला आहे, आणि तरीही काही कंपन्या महिन्याचे 26 दिवस धरून रक्कम छाटतात.

आता कामाला लागू. पहिले पत्र कंपनीला. ते ईमेलने पाठवा आणि छापील प्रत स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती जपून ठेवा. कोणी प्रत्यक्ष नेऊन देणार असेल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती स्थळप्रत घरी आणा. मजकूर लांबलचक नको. असा पुरेल: ‘मी 1 डिसेंबर 2025 पासून प्रसूती रजेवर असून माझी प्रसूती 9 जानेवारी 2026 रोजी झाली. 1 एप्रिल 2025 रोजी माझे वेतन विहित मर्यादेच्या आत असल्याने 30 सप्टेंबर 2025 पर्यंत माझे अंशदान देय होते. जून ते सप्टेंबर 2025 चे अंशदान आपण भरलेले दिसत नाही. ते सात दिवसांत भरून चलनाची प्रत मला द्यावी. ईएसआयसीने कोणत्याही कारणास्तव लाभ नाकारल्यास तो आपण मला द्यावा, अशी माझी पर्यायी मागणी या पत्राने नोंदवीत आहे. आपणास ही मागणी मान्य नसल्यास कारण लेखी कळवावे.’ यात रागाचा एकही शब्द नाही, आणि तो नसावाच. हे पत्र उद्या एखाद्या निरीक्षकाच्या किंवा न्यायाधीशाच्या टेबलावर जाणार आहे, असे समजून लिहावे.

आतापर्यंत कंपनीला रजेची किंवा लाभाची लेखी सूचना दिली नसेल, तर त्याची चिंता करू नका. सूचना प्रसूतीनंतरही देता येते आणि ती आधी दिली नाही एवढ्या कारणाने लाभ नाकारता येत नाही.

दुसरा अर्ज ईएसआयसीच्या शाखा व्यवस्थापकाला. दावा ऑनलाइन भरलेला असेल तर त्याचा क्रमांक, नसेल तर आधी दावा भरून त्याची पोच, आणि सोबत ऑक्टोबर 2024 पासूनच्या सर्व पगार स्लिपा, बँकेत पगार जमा झाल्याचे विवरण आणि वेतनवाढीचे पत्र जोडा. वेतनवाढीच्या पत्राला मी विशेष महत्त्व देतो, कारण पगार एप्रिलनंतर वाढला हे सर्वांत स्पष्टपणे सिद्ध करणारा तोच कागद आहे. दावा सर्व कागदपत्रांसह पूर्ण दाखल झाल्यानंतर प्रसूती लाभाचा पहिला हप्ता 14 दिवसांत द्यावा, असे ईएसआयच्या 1950 च्या विनियमांत आहे, आणि जुने विनियम संहितेशी विसंगत नसतील तेवढे चालू राहतात. परंतु हे 14 दिवस ‘पूर्ण’ दाव्यापासून मोजले जातात. म्हणूनच बहुतेक दावे नाकारले जात नाहीत, ते ‘अपूर्ण’ या शेऱ्याखाली पडून राहतात. अर्जाच्या शेवटी एक ओळ अवश्य लिहा: माझ्या दाव्यात कोणता कागद कमी आहे, ते एकाच वेळी लेखी कळवावे.

‘अपूर्ण’ ठरवणारी कारणे वर्षानुवर्षे तीच आहेत. माहेरी झालेली प्रसूती हे त्यांतले पहिले. तुमचे नाव पुण्याजवळच्या दवाखान्याशी जोडलेले, प्रसूती सोलापूर जिल्ह्यातील खासगी रुग्णालयात आणि प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरचे नाही, अशी स्थिती असेल, तर रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, तेथील डॉक्टरांचे प्रसूतीचे प्रमाणपत्र आणि बाळाचा जन्मदाखला घेऊन तुमच्या दवाखान्यातील विमा वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जा आणि या पुराव्यावर प्रमाणपत्र मागा. ज्या भगिनींची प्रसूती अजून व्हायची आहे, त्यांनी माहेरी निघण्याआधीच अपेक्षित तारखेचे प्रमाणपत्र आपल्या दवाखान्यातून घेऊन ठेवावे. पुढचे कितीतरी हेलपाटे त्याने वाचतात.

दुसरे कारण नावाचे. विम्याच्या नोंदीत माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसऱ्याच रीतीने लिहिलेले. विवाह नोंदणीचा दाखला जोडून कंपनीकडून दुरुस्ती पाठवावी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून ती आजच तपासा. तिसरे कारण बँकेच्या जुन्या आयएफएससी कोडचे. 2019 आणि 2020 मध्ये देना, विजया, सिंडिकेट, अलाहाबाद, आंध्रा, कॉर्पोरेशन या बँका मोठ्या बँकांत विलीन झाल्या आणि त्यांचे कोड बदलले. विमा नोंदीत जुनाच कोड राहिला असेल, तर मंजूर झालेली रक्कमही परत जाते आणि पोर्टलवर दावा ‘मंजूर’ दिसत राहतो.

चौथ्या कारणावर थोडा अधिक वेळ घालवतो, कारण ते कोणाच्या ध्यानात येत नाही. नोकरी बदलताना नव्या मालकाने जुना विमा क्रमांक न जोडता नवाच क्रमांक काढलेला असतो. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात एका कुशल कामगार स्त्रीचा दावा पाच महिने ‘अंशदान अपुरे’ म्हणून पडून होता. तिच्या नवऱ्याने शाखेत अकरा वेळा खेपा घातल्या होत्या. शेवटी आम्ही तिच्या दोन्ही नोकऱ्यांच्या पगार स्लिपा एकापुढे एक मांडल्या, तेव्हा दिसले की दोन स्लिपांवर दोन वेगळे विमा क्रमांक आहेत आणि अंशदानाचे दिवस दोघांत विभागले गेले आहेत. दोन्ही क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज दिला आणि तीन आठवड्यांत रक्कम जमा झाली. अकरा खेपांत कोणीही तिला तिच्या स्लिपा मागितल्या नव्हत्या.

एका बाबतीत मात्र तुम्ही स्वतः काटेकोर राहिले पाहिजे. रजेच्या काळात कंपनीचे काम करू नका. ‘घरून दोन तास बघून घ्या’ असे सांगून लॅपटॉप पाठवला जातो आणि हजेरीपत्रकावर काही दिवस हजर दाखवले जातात. लाभ हा मोबदल्यासाठी काम न केलेल्या दिवसांचा असतो. त्या दिवसांचा लाभ जातो, आणि वर खोटी माहिती दिल्याचा आरोप येऊ शकतो. कंपनी मदत म्हणून काही रक्कम देत असेल तर जरूर घ्या, पण ती उचल आहे, त्या दिवसांचे वेतन नाही, असे तिच्याकडून लिहून घ्या.

आता वरच्या पायऱ्या. शाखेकडे पूर्ण अर्ज दिल्यापासून 14 दिवस झाले आणि ना पैसे ना लेखी कारण, तर पुण्यातील उपक्षेत्रीय कार्यालयाकडे लेखी तक्रार द्या आणि त्याच दिवशी केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर तीच तक्रार नोंदवा. तिथे 21 दिवसांत निपटारा करण्याचे निर्देश आहेत. ईएसआयसीची कार्यालये दर महिन्याला ‘सुविधा समागम’ (तक्रारी ऐकण्याची बैठक) घेतात. कागदपत्रांची फाइल घेऊन तिथे प्रत्यक्ष जाणे मला फार उपयोगी वाटते, कारण निर्णय घेणारा अधिकारी समोर असतो. तुम्हाला तान्ह्या बाळासह जाणे शक्य नसेल, तर घरच्या माणसाला अधिकारपत्र देऊन पाठवा.

यानंतर 2005 चा माहिती अधिकार कायदा वापरा. दहा रुपयांचा अर्ज, 30 दिवसांची मुदत. ‘माझा दावा का अडला’ असे विचारू नका. त्याला गोलमोल उत्तर मिळते. माझा दावा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या पदावरील अधिकाऱ्याकडे होता, त्यावर कोणते शेरे लिहिले गेले आणि जून ते सप्टेंबर 2025 च्या न भरलेल्या अंशदानाबाबत मालकावर कोणती कारवाई झाली, त्या नोंदींच्या प्रती मागा. अनेकदा अर्ज पोहोचल्यावर, उत्तर येण्याआधीच, दावा हलतो.

कंपनीविरुद्धची वाट वेगळी आहे. पत्रावर सात दिवसांत उत्तर आले नाही, तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार द्यावी. आस्थापना कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुण्यातील कार्यालयातही देता येते. निरीक्षकाला चौकशी करून लाभ देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार आहे. आपापसांत केलेला ‘मला प्रसूती लाभ नको’ असा करारही कायद्यापुढे टिकत नाही, म्हणून कोणत्याही कोऱ्या किंवा छापील कागदावर सही करू नका. हे ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या आणि मुदतीच्या करारावरील स्त्रियांनाही लागू आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कराराची मुदत मध्येच संपली तरी प्रसूती लाभ पूर्ण काळाचा द्यावा लागतो.

शेवटची पायरी कर्मचारी विमा न्यायालय. दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे, पण तिचा आधार घेऊन थांबू नका: लाभ देय झाल्यापासून 12 महिन्यांत तो रीतसर मागितलेला असणे आवश्यक असते. वकिलाच्या खर्चाची भीती वाटत असेल, तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. पुण्यातील शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे एक साधा अर्ज द्यावा लागतो. माझ्या अनुभवात दावा इथवर येण्याचे प्रसंग थोडे आहेत, आणि जे आले त्यांत कागद ज्याच्याकडे व्यवस्थित होते त्याचा निकाल लवकर लागला.

काही जणी या काळात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे का आले नाहीत असेही विचारतात. ती योजना निराळी आहे: पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास 6,000 रुपये, आधारशी जोडलेल्या बँक खात्यात. सरकारी नोकरीतील किंवा कायद्याने तसाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया तिच्यातून वगळल्या आहेत, म्हणून तुम्ही त्या वाटेला वेळ घालवू नये.

तुमचे 26 आठवडे 31 मे 2026 रोजी पूर्ण होतात. 1 जूनला कामावर हजर व्हायचे आहे, आणि पैसे तोपर्यंत आलेले असोत वा नसोत, त्या दिवशी हजर व्हाच. हजर झाल्याचा ईमेल त्याच सकाळी पाठवा. प्रसूतीमुळे काही आजार उद्भवला असेल तर आणखी एक महिन्यापर्यंत सवेतन रजा मिळू शकते, पण तिचे वैद्यकीय प्रमाणपत्र मे संपण्याआधीचे हवे. परत गेल्यावर बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा त्याला पाजण्यासाठी वेळ देणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असल्यामुळे तुमच्या कंपनीने पाळणाघराची सोयही करायला हवी. या दोन गोष्टींची मागणी मेच्या मध्यावर स्वतंत्र पत्राने करा. पैशांच्या पत्रात ती मिसळू नका. आज मात्र वेतनवाढीचे पत्र शोधा आणि त्याच्या दोन छायाप्रती काढून ठेवा.